तहमंडळाची शंभर वर्षांची अट

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याबद्दल त्यात चकार शब्द नाही, म्हणजे दुखत असणार.

इकडे चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि सल्लागार जास्त, हे तू पाहून गेलास तसंच आहे. रविवारी शटर अर्धं ओढून तहमंडळ भरतं. अप्पा अध्यक्ष, बाकी शेजारचा औषधवाला, वरच्या मजल्यावरचा दाताचा डॉक्टर आणि आपले निवृत्त न्यायाधीश, ज्यांनी जन्मभर पुढची तारीख देण्यापलीकडे काही दिलं नाही म्हणून सगळे त्यांना स्थगिती म्हणतात. इतिहासातल्या कुठल्या युद्धाचा निकाल जगाला सगळ्यात वाईट भोवला, हे चार म्हातारे नजर तपासायच्या तक्त्यासमोर बसून ठरवतात. ज्याचं म्हणणं पडेल त्याने कप विसळायचे. जगाचं काय व्हायचं ते होवो, माझे कप स्वच्छ होतात.

काल औषधवाल्याने कार्थेज काढलं. रोमने ते शहर असं पुसलं की तिथल्या लोकांबद्दल आज जे कळतं ते बहुतेक त्यांच्या वैऱ्यांकडून. सवतीकडून चारित्र्याचा दाखला घ्यावा तसं, असं तो म्हणाला. दाताच्या डॉक्टरने पहिल्या महायुद्धानंतरचा तह मांडला. मुळाशी पू ठेवून वरून चांदी भरली की दाढ पुन्हा ठणकणारच, हा त्याचा मुद्दा. स्थगितींनी बगदाद घेतलं, मंगोलांनी ग्रंथ नदीत टाकले आणि पाणी शाईने काळं झालं असं सांगतात, इथवर आले, आणि पुरावा द्यायला पुढचा रविवार मागून घेतला. कप त्यांनीच विसळले.

शंभर वर्षांच्या आतलं युद्ध काढायचं नाही, ही अट अजून पाळली जाते. अट अप्पांची. कारण सगळ्यांना ठाऊक, म्हणून कोणी विचारत नाही.

आज मात्र ते कारण चालत दुकानात आलं. लष्कराच्या कचेरीतली एक बाई आली होती, अगदी शांत, हळू बोलणारी. दादा ज्या लढाईत बेपत्ता झाला तिच्यानंतर दोन्ही सैन्यांच्या मधली जी पट्टी बंद करून ठेवली होती, ती आता उघडली आहे. तिथे पाण्याची पाइपलाइन टाकायला खणताना खड्ड्यात हाडं लागली, दोन्हीकडच्या शिपायांची, एकमेकांत मिसळलेली. आणि चष्म्याची एक काच. त्या तुकडीतल्या बेपत्ता मुलांच्या घरोघर ती जाते आहे. काच आपल्या दुकानातली आहे का एवढं अप्पांनी पाहावं, आणि घरच्यांनी रक्ताचा नमुना द्यावा, एवढंच तिचं मागणं. महिनाअखेरपर्यंत ज्यांची ओळख पटणार नाही त्यांना एकत्रच मूठमाती देणार आहेत.

अप्पांनी तिला सांगितलं की रविवारी दुकान बंद असतं. मी म्हटलं, आज सोमवार आहे. ते म्हणाले, मग सोमवारीही बंद असतं, आणि आत निघून गेले. बाईने काच माझ्याकडे ठेवली आहे. काय करू ते कळव.

आशीर्वाद नेहमीचेच, काळजी थोडी जास्त.
ताई


दि. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघा दुखतो. आता पुढे.

तुझं पत्र खिशात घेऊन मी वर्गात गेलो आणि तोच विषय पोरांपुढे टाकला. एका मुलीने सांगितलं की निकाल वाईट होता हे फक्त हरलेले सांगतात, जिंकलेले त्याला इतिहास म्हणतात. तिला पैकीच्या पैकी गुण द्यावेत की घरी पाठवावं ते मला ठरवता आलं नाही. दुसऱ्याने विचारलं, सर, तुमच्या मते कुठला? मी तास संपवला. घंटेला अजून वेळ होता.

उंटावरून शेळ्या हाकतो असं तू म्हणणार, म्हण. पण माझं ऐक, अप्पांना काच दाखवू नकोस. अजून ते दरवर्षी दादाचा चष्मा बनवतात ना? गेल्या खेपेला आलो तेव्हा खणात नवा होता. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं म्हणून त्यांनी त्याला वाचायचा नंबरही जोडला होता, आणि मला सांगताना म्हणाले की हट्टी आहे, लावायचा नाही, पण करून ठेवलेला बरा. मी हसलो, तेही हसले. मग मी तीन दिवसांऐवजी दुसऱ्याच दिवशी परत निघालो, हे तुला आठवत असेल.

दादा हरवलेला आहे, हाच आपल्या घराचा तह आहे, ताई. त्याच्या अटी वाईट आहेत, पण तीस वर्षं टिकला. आई तो पाळत पाळतच गेली. मोडला तर पुढे काय, हे मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मला माहीत करूनही घ्यायचं नाही. महिनाअखेर आपोआप येईल. त्या बाईला सांग, अप्पांना आता बारीक दिसत नाही.

अप्पांना नमस्कार. माझ्या भित्रेपणासकट माया असू दे.
धाकटा


दि. १८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या घरातला असून तू मला सांगतोस की अप्पांना दिसत नाही असं सांग. इतिहास शिकवतोस खरा, पण बनवायलाही तुला हरकत दिसत नाही.

आता तुझा सल्ला जुना झाला. घडलं ते नीट बसून वाच.

काच मी खणात ठेवणार होते, देवाशपथ. पण तीस वर्षं या दुकानात काम केलेला हात डोक्याला विचारत नाही. काच दिसली की ती कामाच्या ट्रेमध्ये जाते. गेली. आणि अप्पांची खोड तुला माहीत आहे: तहमंडळात कोणी लांबण लावली की ते ट्रेमधली एकेक काच उचलतात, पुसतात, खिडकीच्या गजांसमोर हलवून, गज किती सरकतात त्यावरून नंबर ओळखतात, आणि नंबर मोठ्याने सांगतात. मी लिहून घ्यायचं. यंत्र आलं तरी त्यांनी ती रीत सोडली नाही.

ठरलेल्या रविवारी, दहा तारखेला, स्थगिती बगदादचा पुरावा घेऊन आले होते, म्हणजे लांबण होतीच. मी मागे फ्रेमला स्क्रू बसवत होते. अप्पांनी एका बाईची काच सांगितली, एका ड्रायव्हरची सांगितली. मग नेहमीच्याच आवाजात मायनस साडेतीन म्हणाले. मी लिहिलं. त्यानंतर काही येईना, म्हणून वर पाहिलं.

त्यांनी काच डोळ्यांसमोरून खाली घेतली होती आणि अंगठा कडेवरून फिरवत होते. दादाने हट्टाने अप्पांचीच जुनी फ्रेम घेतली होती, आठवतं? तिचा डावा गोल खाली चेपलेला होता, म्हणून काच तिथे तिरकी घासावी लागली होती. अंगठा त्या तिरक्या जागी येऊन थांबला. परत गेला, परत तिथेच आला. स्थगिती बोलतच होते.

अप्पांनी काच हातरुमालावर ठेवली आणि सांगितलं की आज त्यांना एक युद्ध मांडायचं आहे. औषधवाला शंभर वर्षांची अट म्हणाला. दाताच्या डॉक्टरने त्याचं कोपर धरलं.

ते फार बोलले नाहीत. म्हणाले, कार्थेज हरलं. हरलेल्याला निदान कळतं की संपलं. महायुद्धाचा तह वाईट होता, पण तह होता. आपल्या लढाईत काय झालं? एका दुपारी दोन्ही बाजूंना सांगितलं गेलं, जिथे आहात तिथेच थांबा. कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही. इकडे दरवर्षी विजयाची परेड होते, पलीकडेही होते, बँडसकट. फक्त मधल्या पट्टीत जे पडले होते त्यांना उचलायला कोणाला जाता आलं नाही, कारण ती जागा कोणाचीच नव्हती. ते सगळ्यात आज्ञाधारक निघाले. सांगितलं तिथेच थांबले.

स्थगितींनी पहिल्यांदाच पुढची तारीख मागितली नाही. चौघांचे कप औषधवाल्याने उचलून नेले आणि कितीतरी वेळ विसळत बसला. नळाचा आवाज येत होता.

अप्पा तेव्हापासून जेवतात, दुकानात बसतात, पण रक्त द्यायचं की नाही ते बोलत नाहीत. खुर्चीकडे बघत राहतात, गिऱ्हाइकाच्या रिकाम्या. परवा त्या खुर्चीत एक बाई बसायला गेली तर त्यांनी तिला दुसरी दिली.

तू ये म्हणून मी आता सांगणार नाही. माया आहे, राग आहे, दोन्ही पोस्टाने पाठवते.
ताई


दि. २६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ताईने तुला लिहिलं ते तिने मला वाचून दाखवलं. त्यात मी बराच धीराचा दिसतो. तसं काही नव्हतं. बोललो नसतो तर ओरडलो असतो, आणि शेजारी औषधाचं दुकान आहे, लोकांना वाटलं असतं चुकीची गोळी दिली.

काल आम्ही दोघं रक्त देऊन आलो. ती कचेरीतली बाई होती. तिने सांगितलं की त्या खड्ड्यात दोन्ही गणवेशांची बटणं आहेत, आणि पलीकडचीही घरं नमुने देत आहेत. तेव्हा मला वाटलं, आपल्याची हाडं वेगळी निघाली तर तिकडच्या कोणा आईचा शोध तेवढ्याने कमी होईल. म्हणून दिलं. मोठेपणाने नाही. उद्या तिनेही तसंच करावं एवढाच हिशेब.

पण एक गोष्ट मी ताईलाही सांगितलेली नाही. त्याचा चष्मा मी दरवर्षी करायचो, ते तुम्हाला वेड वाटायचं. नंबर ठरवायचा तर माणूस समोर लागतो. तो बसायचा. आधी केस दाट होते, मग मागे सरकले. पाठीचं दुखणं लागलं. अलीकडे तो माझ्यासारखा खोकायचा आणि वाचायचा चष्मा लावायला कुरकुर करायचा. मी त्याला म्हातारा होताना पाहिला आहे, त्या खुर्चीत. आता खड्ड्यात एक तेवीस वर्षांचा पोरगा सापडला. तो माझाच, काच मी घासलेली. मग हा दुसरा कोण होता, आणि त्या रविवारपासून तो कुठे गेला? त्याचं रक्त कोणी मागत नाही, त्याला मूठमाती कुठे द्यायची ते कोणी सांगत नाही.

रक्त घेणाऱ्या मुलीने मुलाचं वय विचारलं. ताई आणि मी एकदमच बोललो. ती तेवीस म्हणाली, मी त्रेपन्न. मुलीने ताईचं लिहून घेतलं.

परत येताना ताईने मला सांगितलं की तू सत्तेचाळीसचा आहेस. मला ते ठाऊक नव्हतं, म्हणजे ठाऊक असायला हवं होतं. तुला जवळचं वाचायला त्रास होतो का? कागद लांब धरतोस का? इतकी वर्षं मी डोळे तपासले, त्यात तुझे राहून गेले.

रविवारी येऊ नकोस, चौघं तुला बगदादबद्दल पिडतील. सोमवारी ये. दुकान उघडं असतं. तुझ्या वाट्याचा लोभ इथे बरीच वर्षं पडून आहे, तो तेवढा घेऊन जा.

अप्पा