ब्राह्मी कुणाला लागू पडली

राजारामपुरी, कोल्हापूर
आषाढ शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप गणपतराव दाजींना आकारामचा वाकून नमस्कार. राधानगरीत सगळी खुशाल असावीत. आक्काचे गुडघे या हवेत कुरकुरत असतील, तिला जपायला सांगावं.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी पूजेला उठलो, परडीतली फुलं दारातल्या बोकडापुढं ठेवून हात जोडले आणि बोकडाचा शेवरीचा पाला देवाला वाहिला. सौ. तानाबाई पाठीमागंच उभी. "अवो, डोकं जाग्यावर हाय न्हवं?" एवढंच म्हणाली आणि मला यज्ञेश्वर वैद्यांकडं घेऊन गेली. (बोकड तुमच्या ओळखीचा आहेच. आषाढात देवीच्या जत्रेला तो कापायचा आणि तुम्ही पहिल्या पंगतीला बसायचं, असं दिवाळीतच ठरलं होतं.)

वैद्य म्हणाले, मेंदू आणि शिरा जपायच्या तर झाडपाल्याला शरण जा. तेव्हापासून घरात जवसाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि भिजवलेले अक्रोड. (अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, असं सौ.चं मत. मग केसाळ मक्याचं कणीस माझ्या टकलाला कधी देणार, हे विचारायचं धाडस झालं नाही.) शिवाय मोरीजवळ फुटक्या घमेल्यात ब्राह्मी लावली, रोज उपाशीपोटी मूठभर चावून खायची. चव अशी, की तोंडात देवाचं नाव टिकेना. मी ती मूठ गुपचूप बोकडापुढं धरू लागलो.

दाजी, बोकड हुशार झाला! शिंगानं कडी काढतो. आरतीला उंबऱ्याशी येऊन उभा राहतो. पिराजी खाटीक गल्लीत शिरला, की कोळशाच्या पोत्यांमागं जाऊन बसतो. परवा पिराजीनं त्याला तिथूनही शोधून काढलं, पाठ चाचपली आणि म्हणाला, "मालक, चांगला भरलाय की!" तेव्हा बोकडानं माझ्याकडं असं पाहिलं, की या घरात मला पुरतं ओळखणारं कुणी असेल तर हाच, असं वाटलं. ज्याच्यापुढं फुलं ठेवून हात जोडले, त्याच्यावर सुरी कशी चालवायची? देवीपुढं बसून विचारलं, याला तुझ्या नावानं सोडू का? ती नको म्हणाली नाही. मी पुरणपोळीचा नैवेद्य कबूल करून उठलो.

आपला,
आकाराम

ता. क. पत्र घेऊन आलेल्या केरबाच्या हातात दोरी आहे. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, ते वर आलंच. तुमच्याकडं चाऱ्याला तोटा नाही, एवढा सांभाळावा. ज्याला खायला यायचं होतं, त्यालाच खायला घालायला सांगतोय, रागावू नये. गोठ्याच्या कडीला बाहेरून खिळा ठोकावा.

आणखी एक. घरी मी सांगितलंय, की बोकड चरायला नेला आणि कुठं बांधला तेच आठवत नाही. सौ.नं एका शब्दानंही शंका घेतली नाही. ब्राह्मी दुप्पट केली आहे, आणि आता ती मलाच खावी लागते.