छत्रीच्या कापडाचा कोट

अहो,

तुम्हाला नावाने हाक मारली नाही कधी, आणि 'प्रिय' लिहायची सवय आपल्या दोघांनाही नव्हती. तेव्हा एवढ्यावरच भागवते.

तीन दिवस पाऊस लागून राहिलाय. काल संध्याकाळी शब्बीरभाई शिंपी दारात येऊन उभे राहिले. डोक्यावर रिकामं पोतं, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, "बाई, गुरुजींचा तो कोट मला परत द्या. उसवून टाकतो."

का, म्हणून विचारलं. मान खाली घालून म्हणाले, "माझ्याच कोटानं त्यांचा दम कोंडला. तीनदा दुरुस्त केला. पण गुरुजी दर वेळी म्हणायचे, शब्बीर, अजून कोंडतंय."

म्हणून हे पत्र. त्या भल्या माणसाला काय सांगून ठेवलंत हो तुम्ही?

आठवतंय ना, कोटाचं प्रकरण कसं सुरू झालं? दुष्काळाच्या आदल्या पावसाळ्यात एका सकाळी फाट्यापर्यंत पळून आलात, आणि ओसरीवर बसून धापा टाकत म्हणालात, "या रबरी कोटात जीव घुसमटतो." मी कोट उलटा करून पाहिला. आतून थबथबलेला. बाहेर पावसाचं पाणी, आत घामाचं! वीस वर्षं शाळेत कवायत शिकवणारा, रोज पहाटे पळणारा माणूस, त्याला दम कशाला लागेल? दोष कोटाचा, हे मी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. आणि तुम्ही ते ठरवू दिलंत.

मग काय काय नाही केलं! नगरहून प्लॅस्टिकचा कोट आणला. तो अंगाला चिकटायचा आणि असा वाजायचा की गावची कुत्री तुमच्या मागे लागायची. घोडेगावच्या बाजारातून घोंगडी आणली. तिच्यातून वारा खेळायचा, पण भिजली की संपलंच. "बाई, मेंढरू पाठीवर घेऊन पळाल्यासारखं वाटतं," म्हणालात. तुम्हीसुद्धा मला बाईच म्हणायचात, सगळ्या नेवाशासारखं.

शेवटी छत्रीचं कापड मलाच सुचलं. घट्ट विणीचं, सुती, काळं. शब्बीरभाईंच्या दुकानात त्याचा तुकडा तोंडाशी धरून मी फुंकर मारली. पलीकडे तळहाताला वारा लागला. मग त्याच तुकड्याची झोळी करून तांब्याभर पाणी ओतलं. थेंब खाली यायला बराच वेळ लागला. "हेच," म्हटलं. काखेत वारा जायला ओळीने काजं करायला लावली. पाठीवर आडवी फट आणि तिच्यावर झालर, म्हणजे पाणी वरून ओघळेल आणि आतली वाफ खालून निघून जाईल. शब्बीरभाई म्हणाले, "बाई, तुम्ही शिंपीच व्हायचं." किती फुगले मी त्या दिवशी!

पहिल्यांदा तो घालून पळालात तेव्हा एस.टी. स्टँडवर कुणी ओरडलं, "आरं, छत्रीला पाय फुटलं!" घरी येऊन तुम्ही त्याची नक्कल केलीत आणि हसता हसता खांबाला धरून उभे राहिलात. मला वाटलं, हसण्याने.

"कसा आहे कोट?"

"झकास. फक्त किंचित कोंडतंय."

किंचित! मी लगेच काजं वाढवून आणली. त्यानंतर आणखी दोनदा तुम्ही परस्पर शब्बीरभाईंकडे गेलात, हे मला काल कळलं.

मग पाऊस गेला तो गेलाच. विहिरी तळाला गेल्या, फाट्याच्या रस्त्यावर खडी फोडायचं दुष्काळी काम निघालं. कोट वर्षभर खुंटीवर. तुम्ही नुसत्या बनियनवर पळत होतात आणि रोज थोडे उशिरा परतत होतात. "कामावरच्या लोकांशी बोलत बसलो," म्हणायचात. आणि तुमचा श्वास मला आत चुलीपाशी ऐकू यायचा.

मी पुण्यात बी.एस्सी. झाले. नववीच्या मुलींना आजही शिकवते, कारण शोधायचं तर एक गोष्ट बाजूला काढा आणि बघा काय राहतं. इथे आभाळानेच पाऊस काढून घेतला होता, कोट खुंटीला होता आणि दम लागतच होता! रोज माझ्या डोळ्यांसमोर! आणि मी काय म्हणायची? "चहा निवला."

तुम्ही गेलात ते त्या खडीच्या ढिगाशी, कोरड्या ठक्क सकाळी. आठवड्याने खडी फोडणारी ठकूबाई घरी आली.

"बाई, गुरुजी रोज हितंच बसायचे, छाती चोळत. आमी पानी द्यायचो. लई येळा म्हनलं, घरी सांगा, डाक्टरला दावा. तर म्हनायचे, बाईंना कळलं तर माझं पळनं बंद हुईल. कुनी बोलायचं न्हाई."

आणि बोललं नाही कुणी. सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. फक्त या घराला नव्हतं.

बंद केलं असतं का मी तुमचं पळणं? हो, केलं असतं! आपलं घर काही शिंगणापुरात नाही, दार आहे त्याला. कडी लावून बसवलं असतं. आज तुम्ही ओसरीवर बसून माझ्यावर चिडचिड करत असता. चालला असता मला तसा नवरा. मला एकदा विचारायचं तरी होतं! खडी फोडणाऱ्या बायांपाशी मोकळे झालात. माझी इतकी धास्ती होती का? आणि होती, तर तशी बाई मी कधी झाले, हेही तुम्हीच सांगायला हवं होतं. आता कुणाला विचारू?

शब्बीरभाईंना काल कोट दिला नाही. उद्या बोलू म्हटलं.

आज पहाटे तो मी अंगात घातला. पदर खोचला, वहाणा काढल्या आणि भर पावसात फाट्याच्या रस्त्याला लागले. चालले, आणि उतारावर चक्क पळाले. एक सायकलवाला घाबरून उतरला. "बाई, काय झालं? कुनी आजारी हाय का?"

"नाही. कोट तपासतेय."

उरलेल्या खडीपाशी थांबले. काखेत हात घालून पाहिला. कोरडं. पाठ कोरडी. खांद्याच्या शिवणीतून थोडं पाणी आलं होतं, तेवढंच. दम लागला, तो दोन मिनिटांत ओसरला. कोंडलं कुठेच नाही.

कोट उत्तम होता हो.

आता शाळा सुटली की हाच कोट घालून शब्बीरभाईंच्या दुकानात जाणार आहे. गिऱ्हाइकं असली तरी त्यांच्यादेखत, मोठ्याने सांगणार आहे, "शब्बीरभाई, गुरुजी तुमच्याशी खोटं बोलले, माझ्याशीही बोलले, आणि तुमच्या शिवणीत काही दोष नव्हता." तुमचं नाव खराब होईल. होऊ दे. त्या माणसाला अजून कपडे शिवायचेत.

हे माझं वचन. तुम्हाला ठाऊक आहे, मी बोलले की करते.

तुमची,
बाई