खुंटीले हात लावाचा नाही

नाही गुरुजी, आज तुम्ही बोलाचं नाही. समोरचा बोलत असला की हात वर करून त्याले थांबवाची सवय होती तुमची, तो हात आज खालीच ठेवा. तुम्ही गेले त्याले पंधरा वर्षं झाली, अन् मी कारध्यात, तुमच्याच घराच्या बाजूले, वैनगंगेकडं उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसून हे लिहून राहिली. वरची खिडकी उघडी आहे. आत तुमची नात आहे. तिच्याच हातून मी तुमचा सूड घेतला, तेवढं सांगाले आली.

तुमच्या क्लासचा नियम आठवते ना? व्हायोलिन आमचं, आमच्या बापानं आणलेलं, पण खुंटीले हात लावाचा नाही. आम्ही निळ्या भिंतीले पाठ करून ओळीनं सतरंजीवर बसतो, वर व्हायोलिनं टांगाचे चार खिळे. तुम्ही पेटीवर सूर धरता, एकेकाचं व्हायोलिन मांडीवर घेता, चारही तारा मिळवता अन् परत देता. आम्ही ते दोन्ही हातांनी घेऊन कपाळाले लावतो. पाहुणे म्हणत, काय शिस्त आहे. अन् ती पेटी. हिवाळ्यात तुम्ही झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवाले जात, तर मंडपात मागच्या माणसापर्यंत आवाज गेला पाहिजे म्हणून तिच्या आतल्या पितळी पट्ट्या घासून घासून तुम्ही सूर चढवून ठेवले होते. आमच्यासाठी जगाचा सा तोच. बारा वर्षांची असताना एकदा मी चोरून खुंटी फिरवली. तुम्ही मारलं नाही. माह्या चारही तारा उतरवल्या अन् आठ दिवस मले तसंच बसवलं. सगळे वाजवून राहिले अन् मी मांडीवर मुकं लाकूड घेऊन. "कान पिकू दे आधी," तुम्ही म्हणाले. सात वर्षं शिकली, तुमच्या हिशेबानं माहा कान काही पिकला नाही.

सतराव्या वर्षी ती स्पर्धा आली. तरुण वादकांची, शास्त्रीय संगीताची, आंतरराष्ट्रीय. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कागद लागला होता. रेकॉर्डिंग पाठवलं अन् निवड झाली, शेवटची फेरी दिल्लीले. मी पेढे घेऊन आली, तर पेढा हातातच धरून तुम्ही म्हणाले, "हे पाय बाई, मले नाटकाचा सीझन आहे. पुढच्या वर्षी पाहू."

"पुढच्या वर्षी माहं वय बसत नाही, गुरुजी."

"मंग नाही बसत."

तरी मी बाबाले घेऊन गेली. निघाच्या दिवशी तुम्ही व्हायोलिन मिळवून दिलं, खुंट्यांवर रुमाल बांधला, गच्च गाठ मारली. "वाजवाच्या वेळेवरच सोडजो."

तिथं सगळ्यांले एकाच तानपुऱ्यावर वाजवाचं होतं. त्यांचा सा तुमच्या पेटीच्या बराच खाली. मी मंचावर बसून रुमाल सोडते, गज ओढते अन् पहिल्या रांगेतल्या माना एकदम वर होतात. परदेशातून आलेल्या परीक्षक बाई हसून कानाले बोट लावतात, जुळवून घे, घाई नाही. मी खुंटी धरते. ती आत दाबून फिरवाची असते हेही मले माहीत नाही. तार सर्रकन सुटते अन् लोंबते. मग दुसरी. विंगेत एक पोरगी उभी आहे, असेल अकरा-बारा वर्षांची, ती हळूच म्हणते, "दीदी, मैं मिला दूँ?" मी व्हायोलिन पेटाऱ्यात ठेवलं अन् खाली उतरली. परतीच्या गाडीत बाबानं तो पेटारा भंडाऱ्यापर्यंत मांडीवरच धरला.

तुम्हाले सांगितलं तेव्हा तुम्ही सुपारी कातरत होते. "मी होतो का तिथं?"

"नाही."

"मंग काहून गेली माह्याबिगर?"

अन् हसले. रागावले असते तर मी शिकत राहिली असती. पण तुम्ही खूश होते, गुरुजी. त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेले. मी मातीले आली नाही, मुद्दामच.

पुढं मी नागपूरले शिकली, पहिले सहा महिने नुसत्या खुंट्या. आता त्याच स्पर्धेच्या पहिल्या फेरीचं रेकॉर्डिंग ऐकाचं काम माह्याकडं येते. नावं नसतात, नुसते नंबर. यंदा एक व्हिडिओ उघडला. निळी भिंत, ओळीनं चार खिळे, बाजूनं कोणाचा तरी हात व्हायोलिन देते अन् पोरगी ते कपाळाले लावते. सा चढलेला. नाक तुमचं. तुमचा मुलगा क्लास चालवते अन् नियमही, हे तेव्हा समजलं. पोरीनं चांगलं वाजवलं, तुमच्याहून चांगलं. घर ओळखीचं आहे हे मी कळवाले पाहिजे होतं. नाही कळवलं. तिले नापास केलं असतं तर ती याच सतरंजीवर, खुंटीले हात न लावता म्हातारी झाली असती. पास करून मी गप्प राहिली असती तर दिल्लीत तिची गत माह्यासारखी. खोटं कायले बोलू, हा दुसरा विचार मले दिवसभर गोड लागला. तुमच्याच रक्ताची पोरगी, लोंबती तार, अन् विंगेतून कोणीतरी दीदी म्हणते.

संध्याकाळी मी तिले पास केलं अन् शेऱ्यात लिहिलं, शेवटच्या फेरीत स्पर्धकानं मंचावर, परीक्षकांसमोर, वाद्य स्वतः जुळवावं, दुसऱ्याचा हात चालणार नाही. स्पर्धेच्या आयोजकांले पटलं. सगळ्यांच्या पत्रात ती अट गेली. या घरीही आली.

म्हणून आज ऐकाले आली. खिडकीतून तुमच्या फोटोचा हार दिसते, अन् त्याच्याच खाली तुमची नात खुंटी फिरवून राहिली. करकर आवाज येते. मघाशी तार सुटली तर तुमचा मुलगा म्हणाला, "अवं, आत दाबून फिरव. अन् पेटीकडं नको पाहू, मोबाईलवरचा तानपुरा ऐक." तुमची पेटी गप आहे, गुरुजी. तुमच्याच घरात.

आता तुम्हाले बोलाचं असेल. मी थांबत नाही, उठलीच. हा कागद फोटोजवळ ठेवून जाईन म्हणत होती. नाही ठेवत, पर्समध्येच राहू दे. फक्त एक. आत्ता तिचा सा लागला, तानपुऱ्याले चिकटून, एकदम बरोबर. अन् मले तो कमी वाटला. थोडा वर घे, तोंडापर्यंत आलं होतं माह्या.

जाते.