काकांचा गट अजून वाचतोय

सोमवार

लागली बाबा एकदाची नोकरी! ताईने शब्द टाकला म्हणून. नाहीतर माझ्यासारख्या भटक्याला दारात कोण उभं करतंय? ताई वरच्या मजल्यावर नकाशे काढते. मी खाली तळघरात, मशीनच्या खोलीत. चहा कपातच गारठतो. खिडकी नाही, पण भिंतीवर ओलीचा एक डाग आहे, अगदी बसलेल्या उंटासारखा. असो, कामाचं लिहितो.

काम इथल्या म्हाताऱ्या काकांनी शिकवलं. माझ्या आधी तेच होते, आज त्यांचा शेवटचा दिवस. मशीन म्हणजे सगळ्या ऑफिसचा एकच कॉम्प्युटर; त्यावर प्रत्येक माणसाचा एक गट. त्याने सुरू केलेला प्रोग्रॅम त्याच्या गटात, त्या प्रोग्रॅममधून निघालेली पिल्लंही त्यातच. आडनाव लागावं तशी. पडद्यावर गटापुढे दोन आकडे: डिस्कवरून किती वाचतोय, किती लिहितोय. कुणी हावरटपणा केला की वेसण घालायची. गट मारला तर आतलं सगळं एकदम मरतं, तेव्हा हात सांभाळून पोरा, असं काका खोकत खोकत म्हणाले. जाताना माझा अर्धा डबाही संपवून गेले.

मंगळवार

काका वारले. झोपेतच.

त्यांचा गट पुसायला उघडला. आत एकही प्रोग्रॅम नाही, तरी वाचनाचा आकडा हलतोय. ताईला सांगितलं तर खिदळत म्हणाली, म्हणजे काका वाचले म्हणायचे! मीही हसलो. मग पंखा दुरुस्त करणारा आला, त्याच्याशी गप्पा रंगल्या, आणि पुसायचं राहूनच गेलं.

गुरुवार

ही रोजनिशी मी इथल्याच मशीनवर लिहितो. आज लक्षात आलं: मी ओळ लिहिली की माझा लेखनाचा आकडा हलतो, आणि लगेच काकांचा वाचनाचा. तेवढाच. मुद्दाम थांबलो. तोही थांबला. एक शिवी लिहिली. तीही वाचली.

काका, काय हवंय तुम्हाला?

शुक्रवार

वरच्या ओळीखाली उत्तर आलंय. मी लिहिलेलं नाही.

एकट्याला वाचवत नाही रे पोरा.

काकांचा गट आज पहिल्यांदा लिहीत होता. आणि ताईचा गट जागेवर नाही. शोधला. तिचे सगळे प्रोग्रॅम काकांच्या गटात.

धावत वर गेलो. ताई खुर्चीत. डोळे डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. समोर नुसती कोरी भिंत. हाक मारली. ती खोकली. मला पोरा म्हणाली.

शनिवार

दाजींनी तिला दवाखान्यात नेलंय. डॉक्टर म्हणे नाडी मंदावतेय. इथे पडद्यावर तिच्या प्रोग्रॅमांचा आकडाही उतरतोय —

गट मारला तर — नाही. ती आत आहे.

तिला बाहेर काढतो, तिच्या नावाने पुन्हा गट करून त्यात टाकतो. क्षणात पुन्हा आत.

मंगळवारीच पुसला असता तर — कुठला तो पंखा —

काकांना लिहून विचारलं. लगेच उत्तर.

तिच्या जागी कोण?

रविवार

माझं सगळं काकांच्या गटात सरकवलं. तिचं बाहेर काढलं. या वेळी ते बाहेरच राहिलं.

डोळे थांबत नाहीत. डावीकडून उजवीकडे — भिंतीवर उंट नाही — ओळी आहेत — माझ्याच —

दाजींचा फोन. उठून बसली म्हणे. पाणी मागितलं. मला विचारत होती.

खोकला येतोय —

ताई वाचली. मी वाच