पत्राचा खालचा भाग

६ जानेवारी २०२५

विपुल प्रकाशक दुपारी ऑफिसात येऊन गेला. 'मनाची बाजू'चं पुस्तक करायचंच म्हणतो. पेपरातलं माझं अकरा वर्षांचं रविवारचं सदर, त्यातले निवडक साठ लेख. पण त्याला पुरावा हवा! नुसतं परदेशी संशोधन लोकांना पटत नाही, आपल्या वऱ्हाडातली माणसं दाखवा म्हणाला. म्हणजे वाचकांची पत्रं. प्रत्येकाची लेखी परवानगी आणि सोबत मूळ पत्राचा फोटो.

हो म्हणालो. पत्रं कपाटात आहेतच.

८ जानेवारी

२०१९च्या गठ्ठ्यात अकोल्याच्या नत्थुजींचं पत्र सापडलं. छापलेलं मला पाठ आहे. 'तीन चांगल्या गोष्टींनी घर सावरलं' हा मथळा माझाच. इथल्या दोन कॉलेजांत भाषणात वाचून दाखवलंय. हारफुलांचं दुकान. चोवीस वर्षांची मुलगी दीक्षा तापाने गेलेली. माझा लेख वाचून नवराबायको रोज दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहू लागले. एवढंच मी छापलं होतं.

मूळ पत्र दोन पानांचं आहे. दुसऱ्या पानावर माझ्या हातची निळी रेघ — इथपर्यंत घ्यावे. रेघेखाली हे:

'साहेब, माझे लिहून होते. पण माझी पत्नी माणिकबाई हिला रडू येते. ती म्हणते, मला पोरीचं बोलू द्या. मी म्हणतो, आधी तीन चांगल्या गोष्टी लिही. चार दिवसांपासून ती जेवत नाही. हे चालू ठेवावे की बंद करावे ते कळवावे. वाट पाहतो.'

कळवलं नाही. हा भाग तेव्हा वाचला होता की नाही, तेही आठवत नाही.

९ जानेवारी

बातमी खालून कापायची, ही तीस वर्षांची सवय. महत्त्वाचं वर असतं. खालचं गेलं तरी चालतं. पत्र लिहिणारा माणूस मात्र उलटा लिहितो. आधी नमस्कार, मग तब्येत, मग आपलं कौतुक. आणि जे विचारायला बसलाय ते अगदी शेवटी. माझी आई तशीच लिहायची. मला कळायला हवं होतं.

११ जानेवारी

सुट्टी. दिवसभर संशोधनाचे जुने कागद काढून बसलो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी हे सकारात्मक मानसशास्त्र उभं राहिलं. मनाचे आजार मोजता, तर मनाचं सुखही मोजा — एवढा साधा मुद्दा. मला तो आवडला होता. अजूनही आवडतो. तीन गोष्टींचा मूळ प्रयोग एका आठवड्याचा. सहा महिन्यांनीही ती माणसं जास्त आनंदी आढळली. हे वाक्य मी किमान पंधरा वेळा लिहिलंय! पण ती माणसं कोण? स्वतःहून एका संकेतस्थळावर आलेली, बहुतेक शिकलेली. पुढे असे अनेक प्रयोग झाले. सगळ्यांची एकत्र गोळाबेरीज झाली तेव्हा परिणाम लहान निघाला. आहे, पण लहान. आणि तोही सरासरीचा. सरासरीत कुणाला भरपूर मिळतं, कुणाला काहीच नाही, एखाद्याचं बिघडतंही.

ते आढावे मी वाचले होते. एका लेखात त्यांच्यावर एक ओळ दिली होती.

आणि माझा स्वतःचा पुरावा? ज्यांना बरं वाटलं त्यांनी पत्रं पाठवली. ज्यांनी सोडून दिलं ते कशाला लिहितील? एकाने लिहिलं होतं, त्याचा प्रश्न मी कापला.

१६ जानेवारी

सकाळच्या एसटीने अकोला. जुन्या शहरात विचारत विचारत दुकान सापडलं. नत्थुजी सत्तरीचे. शेवंती निवडत होते. माणिकबाई हार ओवत होत्या. नाव सांगितल्यावर नत्थुजींनी लगबगीने खुर्ची पुसली, मग मागच्या खोलीतच नेलं. भिंतीवर ते कात्रण, काच लावून. शेजारी दीक्षाचा फोटो असेल म्हणून पाहिलं. नव्हता. पेटीत आहे म्हणाले. पाहिला की हिचा दिवस खराब जातो.

वह्या बावीस झाल्यात. साडेपाच वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. तिसरी गोष्ट सुचेपर्यंत उठायचं नाही, असा घरचा नियम.

मी सांगून टाकलं. तुमचा प्रश्न जागा नव्हती म्हणून कापला गेला, उत्तर मी दिलं नाही, माफी मागायला आलोय.

नत्थुजींनी भिंतीवरचं कात्रण एकदा पाहिलं. मग म्हणाले, "मी समजलो, पेपरवाल्यायनं कापलं म्हणजे त्यात दम नसन. बाकीचं छापलं म्हणजे चालू ठेवा असंच सांगून राहिले."

अर्धा हार घेऊन मागे आलेल्या माणिकबाईंनी दातांनी दोरा तोडला.

"भाऊ, साडेपाच वर्स झाले, माह्या पोरीचं नाव नाई निघालं ह्या घरात. चांगल्या गोष्टीत बसत नाई ना ते! मंग मी काय लिहू? आज वरण चांगलं झालं. काल बी वरणच चांगलं झालतं. ह्यायले वाटे, बाई सुधरली."

"एक डाव मीठ बी नव्हतं त्यात," नत्थुजी पुटपुटले.

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही. परवानगीचा कागद पिशवीतून काढलाच नाही.

१७ जानेवारी

पुस्तक नको, असं विपुलला कळवलं. एका पत्रापायी? म्हणाला. हो.

२९ जानेवारी

रविवारचा लेख दिला. शेवटचा. सदर बंद करा असं संपादकांना सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून तिथे आहाराचे सल्ले येतील. पत्राचा कापलेला भाग नाव न घेता पूर्ण छापायला दिला. नत्थुजींना फोनवर विचारलं, छापा म्हणाले.

आणि लिहिलं — ज्या घरात शोक आहे तिथे हा प्रयोग बंद करावा. आधी 'काहींना त्रास होतो, काहींना आधारही मिळतो' असं लिहिलं होतं. वाचून पाहिलं तर पळवाट वाटली. खोडलं. चूक कबूल करायची तर ठामपणे करावी.

३ फेब्रुवारी

काल लेख आला. तेव्हापासून फोन थांबत नाहीत. असं लिहायला हिंमत लागते म्हणतात. संध्याकाळी जरा हलकं वाटलं.

१४ फेब्रुवारी

माणिकबाईंचा फोन. दीक्षाचा फोटो भिंतीवर लावला. त्या रोज तिच्याशी बोलतात. नत्थुजींनी लेख वाचला त्याच दिवशी सगळ्या वह्या बांधून माळ्यावर टाकल्या. बारा दिवस झाले. दुकानात येत नाहीत. दाढी नाही, बोलणं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

"मले ते लिहिणं नको होतं भाऊ. त्यायचा दिवस मातर त्या वहीवरच निघे. लिहा म्हणून मी लय सांगून पाह्यलं. पेपरात बंद करा आलं म्हणतात. तुमी तेवढं रविवारी छापून टाका ना, लिहा म्हणून. पेपरातलं ऐकतात ते."

रविवारी आता पेपरात माझी जागा नाही.