एकतीस कोऱ्या उत्तरपत्रिका

पहिले पान फाडले. त्यात मुख्याध्यापकांखेरीज कोणाचाच उल्लेख नव्हता. हे दुसरे पान माझे मृत्युपत्र समजावे. मी माजी शिक्षिका, वय अडुसष्ट, अविवाहित. कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. ते वय सरले. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे, "बाई, तुम्ही शुद्धीवर आहात. जरा जास्तच."

१. दोन खोल्यांचे घर आणि बँकेतील ठेव भाचीला. मी नको म्हणत असताना तीही शिक्षिका झाली. अट एकच: वरिष्ठांचा तोंडी आदेश पाळू नये. लेखी मागावा.

२. लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, एकतीस उत्तरपत्रिका आहेत. बावीस वर्षांपूर्वी सातवीच्या परीक्षेत माझ्या वर्गाने त्या आसनक्रमांक टाकून कोऱ्याच परत दिल्या. निकाल पडला असता तर शाळा बंद झाली असती. मुख्याध्यापकांनी दार लावून घेतले आणि नवा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "बाई, तुम्ही फक्त लिहा. पुढचं मी बघतो."

मी लिहिल्या. वीस उजव्या हाताने, अकरा डाव्या. मूळ पत्रिका जाळायच्या होत्या; त्या मी घरी आणल्या.

तरी चौकशी लागली. एकतीस मुलांपैकी एकानेही कुठे खाडाखोड केली नव्हती. अक्षर बदलता आले. चुकणे जमले नाही. मुख्याध्यापक अधिकाऱ्यांना म्हणाले, "मला कल्पनाच नव्हती. बाईंवर विश्वास टाकला, एवढीच माझी चूक." माझी नोकरी गेली. ते हारतुरे घेऊन निवृत्त झाले. मुलांचे गुण मात्र कोणी बदलले नाहीत. त्यात सगळ्यांचीच सोय होती.

हा गठ्ठा मुख्याध्यापकांना द्यावा. पोस्टाने नाही. रविवारी दुपारी, मुले-सुना-नातवंडे जेवायला बसलेली असताना, भाचीने तो त्यांच्या हातात ठेवावा आणि मोठ्याने म्हणावे, "पुढचं आता तुम्ही बघा."

३. पालक संघाचे तेव्हाचे अध्यक्ष, हार्डवेअरचे दुकानदार. चौकशीच्या दिवशी त्यांनी फाटकावर माणसे जमवली. "आमच्या पोरांचं वाटोळं केलं या बाईनं!" चार वर्षांत शाळेत आले ते त्या एकाच दिवशी. त्यांच्या मुलीची चार प्रगतिपुस्तके माझ्याकडे आहेत. पालकांच्या रकान्यातल्या सोळाही सह्या मुलीने केलेल्या. मला ते तेव्हाच कळले होते. बोलले नाही, रकाना भरला की माझे काम भागत होते. प्रगतिपुस्तके त्यांना दुकानात, गिऱ्हाइकांसमोर द्यावीत.

४. शिक्षकखोलीतील सहकाऱ्यांना काहीही नाही. त्यांना सगळे माहीत होते.

येथवर लिहून, स्वयंपाकघरात नळ दुरुस्त करणाऱ्या प्लंबरला साक्षीसाठी बोलावले. तो त्याच वर्गातला.

"सही कर रे."

"कुठं, बाई?"

"साक्षीदार लिहिलंय, त्याच्याखाली."

तो कागदाकडे बघत राहिला. "तुम्हीच बोट ठेवा ना."

"वाचता येत नाही तुला?"

"पाइप वाचतो मी. कागद बायको वाचते." मग हसला. "पण पास झालो होतो हां, बाई. बासष्ट मार्क!"

आसनक्रमांक एकोणीस. ते बासष्ट माझ्या डाव्या हाताचे.

५. कलम दोनमध्ये दुरुस्ती. मुख्याध्यापकांना तीसच पत्रिका द्याव्यात. बाकी त्या कलमातला एक शब्दही सौम्य करू नये. एकोणीस क्रमांकाची पत्रिका मी वारसांवर सोडत नाही.

लिहून देणार: माजी शिक्षिका (सही)
साक्षीदार पहिले: डॉक्टर, तळमजला (सही)
साक्षीदार दुसरे: प्लंबर (डाव्या हाताचा अंगठा)
स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: नऊ जून, सायंकाळी साडेपाच

दहा जून, सकाळ. प्लंबर सांगितल्याप्रमाणे कामाआधी सव्वासातला आला. हत्यारांची पिशवी दाराशी ठेवून टेबलाशी बसला. मी त्याला एकोणीस क्रमांकाची पत्रिका आणि पेन्सिल दिली. आठ वाजेपर्यंत त्याने बायकोचे नाव लिहिले, दोनदा खोडून.