दोन कुलपांचं चर्च

प्रिय मारोजाहान,

तुझ्या घराचं छप्पर माझ्या चुलीपाशी बसूनही दिसतं, आणि तरी मी तुला पत्र लिहिते आहे. हसू नकोस. हे पत्र तुझ्या बायकोच्या पानाच्या पिशवीतून तुझ्याकडे येईल. शनिवारच्या बाजारात आम्ही दोघी अजून शेजारी शेजारी बसतो, ती कांदे विकते, मी चटया. तुमचं भांडण बाजाराबाहेर ठेवायचं एवढी अक्कल आम्हा बायकांना आहे. वाचलंस की तुमच्या सभेत मात्र दाखवत फिरू नकोस. मी घाबरलेली आहे रे, आणि तुझी ताई घाबरली हे चारचौघांना कळावं असं मला वाटत नाही.

पुढच्या महिन्यात वर्ष होईल या सगळ्याला. मुख्य कचेरीचं एक पत्र येतं काय, आपल्या म्हाताऱ्या पाळकांची बदली होते काय, आणि चाळीस वर्षं एका बाकावर बसलेली माणसं एकमेकांना ओळखेनाशी होतात काय! तुम्ही म्हणालात, ज्यांनी आपल्या पोरांचा बाप्तिस्मा केला त्यांना आम्ही जाऊ देणार नाही. तुझे भावोजी म्हणाले, हुकूम तो हुकूम, नव्या पाळकांना आत घ्यायलाच हवं. खरं सांगू? मला दोघांचंही पटत होतं, आणि तेच मला बोलता आलं नाही. मग तो रविवार आला. दोन्ही बाजू एकाच वेळी चर्चमध्ये शिरल्या आणि एकच गीत एकाच सुरात म्हणू लागल्या, फक्त कोणाचा आवाज मोठा याची चढाओढ लागली होती. तू तर मानेच्या शिरा ताणून गात होतास. मला हसू येत होतं आणि रडूही. त्याच संध्याकाळी तुम्ही दाराला साखळी घालून कुलूप लावलंत. दुसऱ्या दिवशी त्याच साखळीत आमचं कुलूप लटकलं. आता एक उघडलं तरी दुसरं दार अडवतं. तुम्ही भाताच्या कोठारात प्रार्थना करता, आम्ही शाळेच्या ओसरीवर, आणि आजोबांनी खांद्यावर लाकडं वाहून बांधलेल्या चर्चमध्ये वटवाघळं राहतात.

तियामसा आजीच्या मरणाचा दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. गावातलं माणूस गेलं की चर्चची घंटा वाजायची, मग शेतातला माणूस कुदळ टाकून उभा राहायचा. त्या दिवशी घंटा आत आणि किल्ल्या बाहेर. तुम्ही दोघं पायऱ्यांवर उभे होतात, तू वरच्या आणि भावोजी खालच्या. ते म्हणाले, "तुमचं कुलूप आधी लागलं, तुम्हीच आधी काढा." तू म्हणालास, "आणि आम्ही काढल्यावर तुमचं निघेल कशावरून? भावोजी, मी काही काल जन्मलो नाही." सकाळची दुपार झाली. शेवटी कुणीतरी चौकात ट्रकच्या जुन्या चाकाचं लोखंडी कडं झाडाला टांगून हातोडीनं बडवलं. वरच्या वाडीतल्या लोकांना वाटलं शाळा सुटली. मग एकाच खड्ड्यापाशी दोन पाळकांनी दोनदा प्रार्थना केली, आणि प्रत्येकानं आपल्याच पाळकाला आमेन म्हटलं. बिचारी आजी, आयुष्यभर सगळ्यांच्या घरी जेवली, आणि तिला निरोप अर्धा अर्धा मिळाला.

तिच्या भावाचा नातू तुमच्या बाजूचा. तो आला, घाईघाईनं आजीच्या अंगावर उलोसची शाल पांघरली आणि जेवायला न थांबता निघून गेला. बहिणीच्या अंगावरचं शेवटचं पांघरूण माहेरानं घालायचं, आणि माझं माहेर म्हणजे आता तू एकटा. मी मान वर केली, तू माझ्याकडेच बघत होतास, आणि मग खाली बघायला लागलास. तेव्हापासून एकच विचार डोक्यात घोळतो आहे. माझ्या वेळी तू येशील का? की माझ्या अंगणात पाऊल टाकायला तुला तुमच्या सभेचा ठराव लागेल?

मला आठवतं, मोठीच्या वेळी मी पोटुशी होते आणि बाबा नुकतेच गेले होते. मुलीला मासा आणि उलोस नेऊन आशीर्वाद द्यायचं काम तुझ्यावर आलं, सतरा वर्षांच्या तुझ्यावर. तळ्यातला एवढा मोठा मासा आणलास, हळद आणि तिरफळ घालून तूच शिजवलास, आणि खालून पार करपवलास. ओठाला मिसरूड नाही आणि चेहरा मात्र आजोबांसारखा गंभीर! उलोस माझ्या खांद्यांवर टाकलास, तो उलटा. मग डोक्यावर तांदूळ टाकायला लागलास ते थांबेचनास, माझ्या कानांत गेले, पाठीत गेले. "तुझा जीव घट्ट राहो ताई," असं म्हणालास आणि तुझाच आवाज फुटला. मी किती हसले होते तुला. तो करपलेला मासा मी सगळा खाल्ला, हे तुला माहीत आहे का? डोकंसुद्धा ठेवलं नाही.

आता जे लिहिते आहे ते मी तुझ्या भावोजींनाही कधी स्वच्छ सांगितलेलं नाही. ते दुसरं कुलूप माझं आहे. त्यांच्या डोक्यात कुलूप नव्हतंच. ते ओसरीवर बसून म्हणत होते, थांबू या, देव वाट दाखवील. मी विहिरीवर ऐकून आले होते की तुम्ही घंटा उतरवून नेणार आहात. खरं होतं का ते? मी विचारलंच नाही. तुला, माझ्या पाठीवर बांधून वाढवलेल्या भावाला, मी एक प्रश्न विचारायला आले नाही आणि पहिल्या बोटीनं तळ्यापलीकडे बालिगेला जाऊन दुकानातलं सगळ्यात मोठं कुलूप घेऊन आले. भावोजींच्या हातात दिलं आणि म्हटलं, "तुमच्या देवाची वाट बघत बसाल तर चर्च जाईल." ते उठले. कुलूप लावून आले आणि किल्ली माझ्यासमोर ठेवली. ती मी तांदळाच्या रांजणात लपवली. वर्षभर रोज तांदूळ काढताना माझी बोटं आधी किल्ली चाचपतात. तोंडानं म्हणते, प्रभू, सगळं तुझ्या हाती, आणि हात रांजणात. प्रार्थनेत "आमच्या" पित्या म्हणताना तू आठवतोस, मग पुढचे शब्द नुसतेच तोंडातून जातात.

म्हणून, आणि आणखी एका गोष्टीसाठी, हे पत्र. माझ्या पोटात गाठ आहे, मारोजाहान. तीन महिने झाले. तुझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही, तेव्हा तिच्यावर ओरडू नकोस. सोमवारी सकाळी सातच्या बोटीनं आम्ही निघू, पुढे बसनं मेदानला, मोठ्या इस्पितळात. तिथला डॉक्टर म्हणतो, पोट उघडल्यावरच काय ते कळेल. मला मरणाची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त भीती वाटते ती लोखंडी कडं वाजवून मला पुरतील याची, आणि तू लांब उभा राहून खाली बघशील याची. पत्रासोबत फडक्यात गुंडाळलेली किल्ली आहे, अजून तांदळाची पांढरी पूड असेल तिच्यावर. भावोजींना आज जेवताना सांगणार आहे. ओरडू देत. आता दोन्ही किल्ल्या तुझ्याकडे आहेत. तुम्ही आत शिरून दार लावून घेतलंत तर मी काहीच करू शकणार नाही, आणि आमची माणसं मला जन्मभर क्षमा करणार नाहीत. हे सगळं ठाऊक असून पाठवते आहे. पण वर्षात पहिल्यांदा काहीतरी खरोखर देवाच्या हाती दिलं असं वाटतं आहे. मासा नको, तू करपवशील. माझ्यावर घालायचा उलोस मी जिवंत असताना घेऊन आलास तर नाही म्हणणार नाही. ते जमणार नसेल तर एवढंच कर. मेलेल्या माणसासाठी वाजवतात ती घंटा माझ्यासाठी सोमवारी वाजव, मला ऐकू येईल तेव्हा, आणि दोर ओढायला आमच्यातलाही एक जण सोबत घे. बोट धक्क्यावरून सुटली की बराच वेळ गाव दिसत राहतं. मी गावाकडे तोंड करून बसेन.

तुझीच ताई,
रुमोन्दांग